अंगण नसलेल्या घरातली अंगणवाडी : ताराबाई मोडक यांची गोष्ट

अंगणवाडी हा शब्द माहीत नाही असा मराठी माणूस शोधून सापडणार नाही. सुट्टीत गावी गेलो की शाळेशेजारी किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात ती पाटी दिसतेच. भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि हा शब्द देशभर पोचला. आज केरळपासून आसामपर्यंत लोक तो आपलाच समजून वापरतात. पण ज्या बाईंच्या कामातून तो जन्माला आला, त्या ताराबाई मोडक मात्र आपल्या पिढीला बहुतेक वेळा सामान्यज्ञानाच्या पुस्तकातलं एका ओळीचं उत्तर म्हणूनच ठाऊक असतात.

आता तुम्ही म्हणाल, दुबईत राहणाऱ्या, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला अंगणवाडीचं काय पडलंय? अल बर्शातल्या आमच्या इमारतींना तर अंगणच नाही. खाली पार्किंग, वर फ्लॅट! पण याच फ्लॅट्समध्ये काही मराठी घरं अशी आहेत, जिथलं मूल इतरांपेक्षा उशिरा बोलू लागलंय, किंवा अजून बोलतच नाही. कुणाला ऑटिझम आहे, कुणाला डाउन सिंड्रोम, तर कुणावर नुसताच ‘स्लो’ असा शिक्का बसलाय. बूट घालण्याआधी मोजे घालायचे, हा साधा क्रमसुद्धा त्यांना रोज नव्याने शिकावा लागतो. अशा आईवडिलांशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो. थेरपीचा तास आठवड्यातून एखाद-दुसरा, आणि तोही खिशाला जड. मग उरलेल्या वेळात घरी आपण काय करायचं?

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी ताराबाईंपर्यंत पोचलो. त्यांचं काम मुख्यतः खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या लहान मुलांचं. विशेष मुलांसाठी म्हणून ते उभं राहिलेलं नव्हतं. पण त्याचं मूळ विशेष मुलांच्या शिक्षणातच आहे, आणि त्याचा शेवट घराच्या अंगणात झाला. तो सगळा प्रवास समजून घेण्यासारखा आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचं आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळे मुलीने शिकायचं की नाही हा वाद घरात नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळात पदवीधर मराठी स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे लक्षात घ्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचं लग्न झालं, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी. आजही अशा बाईकडे लोक वळून बघतात. शंभर वर्षांपूर्वी काय झालं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

त्या राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला, मान मोठा. दुसऱ्या कुणी असतं तर निवृत्तीपर्यंत ती खुर्ची सोडली नसती. पण तिथून जवळच असलेल्या भावनगरात गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ काहीतरी वेगळंच करत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःचा मुलगा झाल्यावर त्याला शिकवायचं कसं या विचारात ते माँटेसरींच्या पुस्तकांपर्यंत पोचले, वकिली मागे पडली, आणि १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. मार नाही, घोकंपट्टी नाही, परीक्षेची भीती नाही. ताराबाई हे बघून इतक्या भारावल्या की १९२३ मध्ये प्राचार्यपद सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात दाखल झाल्या. तेव्हा त्या ३१ वर्षांच्या होत्या.

इथे थोडं थांबून माँटेसरी पद्धत आली कुठून ते पाहू, कारण आपला विषय इथेच आहे. आज माँटेसरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महागडी फी आणि चकचकीत नर्सरी येते. मुळात ती तशी नव्हती! डॉ. मारिया माँटेसरी या इटलीतल्या डॉक्टर. १९०० च्या सुमारास रोममध्ये मतिमंद म्हणून बाजूला काढलेल्या मुलांच्या शाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. या मुलांना कसं शिकवायचं याचा शोध घेताना त्यांना दोन फ्रेंच डॉक्टर सापडले. एक इतार, ज्यांनी १८०० नंतरच्या काळात जंगलात सापडलेल्या, अजिबात न बोलणाऱ्या एका मुलाला शिकवण्यासाठी काही वर्षं खर्ची घातली. दुसरे त्यांचेच शिष्य सेगाँ, ज्यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी हाताने हाताळायची साधनं तयार केली. माँटेसरींनी ती साधनं वापरली, सुधारली, आणि त्यांच्या शाळेतली काही मुलं नेहमीच्या मुलांच्या परीक्षेत पास झाली. लोक थक्क झाले. माँटेसरींना मात्र उलटाच प्रश्न पडला. ही मुलं एवढी मजल मारतात, तर नेहमीच्या शाळा आपल्या मुलांना मागे तर ठेवत नाहीत ना? मग १९०७ मध्ये त्यांनी रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं.

म्हणजे बघा, जी पद्धत आपण हुशार मुलांची समजतो, ती विशेष मुलांनी जगाला दिलेली देणगी आहे. गिजुभाई आणि ताराबाईंनी जी साधनं भावनगरात हाताळली, त्यांची वंशावळ अशी मागे जाते.

त्यातलं एक साधन म्हणजे तीन पायऱ्यांचा धडा. तो मूळचा सेगाँ यांचा, आणि त्याला कसलंही सामान लागत नाही. पहिल्या पायरीवर आपण फक्त नाव सांगतो : हा चमचा, ही वाटी. दुसऱ्या पायरीवर मुलाला म्हणतो, चमचा दे, वाटी ताटात ठेव. इथे त्याला बोलायचं नाही, फक्त ओळखायचंय. हे पक्कं झालं की तिसऱ्या पायरीवर विचारतो, हे काय आहे? आपण घरी काय करतो? थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो! हे काय, सांग, सांग ना, काल तर सांगितलं होतंस! मूल गप्प बसतं आणि आपण म्हणतो याला येत नाही. खरं तर त्याला दुसऱ्या पायरीवर अजून पंधरा दिवस हवे असतात. कदाचित दोन महिने. दुसऱ्या पायरीवर रेंगाळायला काहीच हरकत नाही, कारण तिथे मूल आपलं बोलणं ऐकतं, समजतं आणि हाताने उत्तर देतं. तीसुद्धा भाषाच आहे.

भावनगरात ताराबाई आठ-नऊ वर्षं राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गुजराती शिक्षणपत्रिका निघत होतीच, १९३३ पासून तिची मराठी आवृत्ती ताराबाई चालवू लागल्या. आईवडिलांना समजेल अशा सोप्या भाषेत बालशिक्षण सांगणारं मराठी मासिक, तेही त्या काळात! या दोघांनी आणखी एक मोठी गोष्ट केली. परक्या भाषेतली गाणी आणि गोष्टी तशाच उचलून आणल्या नाहीत. मुलाच्या घरात जी भाषा, तीच बालमंदिराची भाषा. गुजराती मुलांना गुजराती गोष्टी, मराठी मुलांना मराठी.

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईत आल्या. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केलं. मुलांसाठी बालमंदिर आणि शिक्षिकांसाठी अध्यापन वर्ग, असं दुहेरी काम. मध्यमवर्गीय दादरकरांनी ते उचलून धरलं. १९३९ मध्ये गिजुभाई गेले आणि दोघांनी मिळून सुरू केलेल्या कामाचा मोठा भार ताराबाईंवर आला. त्याच वर्षी खुद्द माँटेसरी भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. पद्धतीचा बोलबाला वाढत होता, पण तिची लाकडी साधनं महाग होती आणि ती शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरती राहण्याची भीती होती. १९३१ मध्ये लंडनला माँटेसरींच्या प्रशिक्षण केंद्रात भाषण करताना गांधीजींनी नेमकी हीच काळजी बोलून दाखवली होती, की हे शिक्षण भारतातल्या गरीब खेड्यांतल्या मुलांपर्यंत पोचायला हवं.

ताराबाईंनी ते काम अंगावर घेतलं. वयाच्या ५३ व्या वर्षी, १९४५ मध्ये, दादरचं बस्तान सोडून त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी म्हणजे तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातलं समुद्रकाठचं गाव, चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध. तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. लहानपणीच विधवा झालेल्या, जिद्दीने शिकलेल्या आणि ताराबाईंपेक्षा १८ वर्षांनी लहान. या गुरु-शिष्येची जोडी पुढे ताराबाईंच्या शेवटापर्यंत टिकली.

शाळा निघाली खरी, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. कशी येणार? आईबाप मजुरीला, घरात धाकटं भावंड सांभाळायचं, अंगावर धड कपडा नाही. मग दोघींनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही ना, तर शाळा मुलाकडे जाईल. त्या वस्तीत गेल्या, कुणाच्या तरी अंगणात बसल्या आणि तिथेच बालवाडी भरवली. हीच ती अंगणवाडी!

तिथला पहिला धडा अआइई नव्हताच. हात-पाय धुणं, नाक पुसणं, नखं कापणं, केस विंचरणं हा पहिला धडा. आपल्याला वाटेल, यात शिक्षण ते काय? आमच्या धंद्यात अल्गोरिदम म्हणतात, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या पायऱ्या, तो अंघोळीत पूर्ण भरलेला आहे. आधी पाणी, मग साबण, मग परत पाणी, मग टॉवेल. क्रम चुकला तर काम चुकलं, आणि मुलाला ते स्वतःच्या अंगावर कळतं. सोबत प्रत्येक पायरीला एक शब्द मिळतो. आज स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजच्या कामांतून क्रम आणि भाषा शिकवायला सांगतात, तेव्हा ते याच्याच जवळपासचं काही सांगत असतात.

आणि साधनं? महागडे लाकडी ठोकळे परवडणारे नव्हते. मग समुद्रावरचे शंखशिंपले, ओढ्यातले गोटे, झाडांच्या बिया, पानं, फुलं, माती ही साधनं झाली. शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत लावा, बिया वेगवेगळ्या करा, पानांच्या रंगछटा क्रमाने मांडा. सेगाँच्या कारखान्यातली वस्तू ताराबाईंनी निसर्गाकडून फुकट मिळवली!

आपल्याकडे इथे काय आहे? खजुराच्या बिया तर जगात कुठे मिळणार नाहीत एवढ्या आहेत. जुमेराच्या किनाऱ्यावर शिंपले आहेत. स्वयंपाकघरात एकात एक बसणाऱ्या वाट्या, डबे, मसाल्याचा डबा आहे. लहानथोर वाट्या क्रमाने लावणं हा अस्सल माँटेसरी धडा आहे. लिंबू सरबत करताना तीन फोटो मोबाईलवर काढा : लिंबू कापलं, पिळलं, साखर घालून ढवळलं. (सुरी अर्थातच आपल्या हातात!) फोटो छापून मुलासमोर ठेवा, ते क्रमाने लावू द्या, मग आधी काय, नंतर काय हे तुम्ही बोला आणि त्याला जमेल तेवढं बोलू द्या. सुरुवातीला दोनच फोटो पुरेत. तीन जमले की चार. एखादं काम मोठं वाटत असेल तर शेवटची पायरी मुलाला द्या. बाकी सगळं तुम्ही करा, सरबताचा पेला बाबांच्या हातात देणं तेवढं त्याचं. काम पुरं केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून मिळतो, आणि मग एकेक पायरी मागे सरकत जाता येतं. विचारल्यावर मनातल्या मनात दहा आकडे मोजा. काही मुलांचं उत्तर सातव्या-आठव्या आकड्याला येतं, आणि आपण तिसऱ्यालाच पुढचा प्रश्न विचारलेला असतो.

१९५७ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, ताराबाईंनी पुन्हा बाडबिस्तरा उचलला. बोर्डीहून काही मैलांवर डहाणू तालुक्यात कोसबादची टेकडी आहे. आजूबाजूला वारली आदिवासींचे पाडे. तिथली मुलं तर अंगणातही सापडत नसत. ती गुरं घेऊन रानात गेलेली. मग शाळा रानात गेली! गुरं चरताहेत आणि तिथेच कुरणात शाळा भरली आहे, ही ती कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, ती विकासवाडी. आज एखाद्या कंपनीने हे केलं असतं तर त्यावर प्रेझेंटेशन्स झाली असती!

ताराबाईंचं सगळं आयुष्य एका ओळीत मांडून बघा. राजकोटचं कॉलेज, भावनगरचं बालमंदिर, दादरचं शिशुविहार, बोर्डीचं अंगण, कोसबादचं कुरण. प्रत्येक मुक्कामावर पद आणि सुखसोयी कमी झाल्या, आणि प्रत्येक मुक्कामावर शाळा मुलाच्या आणखी जवळ गेली. मुलात काय कमी आहे हे मोजण्यापेक्षा शाळा कुठे कमी पडते हे त्या बघत राहिल्या. मला वाटतं, विशेष मुलांच्या आईवडिलांनी त्यांच्याकडून घ्यायचं ते हेच. मूल टेबलाशी बसत नसेल तर धडा जमिनीवर न्या. जमिनीवर बसत नसेल तर तो पाळण्यावर, लिफ्टमध्ये, कॅरफोरच्या ट्रॉलीत न्या. लिफ्टचे आकडेही क्रमानेच येतात की!

आता भाषेचं. हे जरा स्पष्टच लिहितो. परदेशातल्या आपल्या घरांत मूल उशिरा बोलू लागलं की कुणीतरी सल्ला देतं, घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, मूल गोंधळतं. कधी शेजारी सांगतात, कधी शाळेतून सुचवलं जातं. घाबरलेले आईवडील ते ऐकतात. मग ज्या आईला इंग्रजीत नीट लाडसुद्धा करता येत नाहीत ती मोजक्या चार वाक्यांत बोलू लागते, आणि व्हिडिओ कॉलवरच्या आजीचा आणि नातवाचा संवाद संपतो. ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवर गेल्या काही वर्षांत झालेल्या संशोधनात दोन भाषांमुळे त्यांचं बोलणं आणखी मागे पडतं असं आढळलेलं नाही. मुलाला भरपूर, सहज आणि प्रेमाने बोललेली भाषा लागते, आणि ती बहुतेक घरांत आपली मराठीच असते. ताराबाईंनी हे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. म्हणून कुणी मराठी बंद करा म्हटलं, तर लगेच मान डोलावू नका. दोन भाषांच्या मुलांचा अनुभव असलेल्या स्पीच थेरपिस्टला विचारा, आणि घरात काय बोलता ते त्यांना मोकळेपणाने सांगा. घरचा सराव थेरपीची जागा घेणार नाही, हेही तितकंच खरं. पण थेरपीचा तास संपल्यावर मूल घरीच येतं.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. त्या मात्र कोसबादच्या कामातच राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्या गेल्या. योगायोग असा की ३१ ऑगस्ट ही मारिया माँटेसरींची जन्मतारीख आहे. पुढे अनुताईंनी १९९२ पर्यंत, स्वतःच्या अखेरपर्यंत, हे काम नेलं. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी त्यांचा शब्द सरकारी योजनेत आला आणि देशाचा झाला. तो दिवस बघायला त्या नव्हत्या.

आपण ज्या देशात राहतो तिथे २०१७ पासून विशेष गरजा असलेल्या व्यक्तींना अधिकृतपणे ‘पीपल ऑफ डिटर्मिनेशन’ म्हणतात. अरबीत शब्द आहे ‘असहाब अल हिमम’. त्यातला ‘हिम्मा’ हा शब्द फारसीतून फिरत फिरत आपल्याकडे कधीच येऊन राहिला आहे. आपली ‘हिंमत’ ती हीच! नाव छान आहे, पण हिंमत फक्त मुलाने दाखवायची असं नाही. थोडी आपणही दाखवायची. चारचौघांत मूल ओरडलं तर मान खाली न घालण्याची, दिवाळीच्या कार्यक्रमाला त्याला घरी न ठेवता घेऊन येण्याची.

आणि ज्यांच्या घरी असं मूल नाही त्यांच्याकडे एक विनंती. यंदा फराळाच्या वेळी असं एखादं मूल समोर आलं, तर नाव काय, कितवीत आहेस, अशी प्रश्नांची सरबत्ती नको. तिसरी पायरी आहे ती! त्याच्या हातात एक करंजी द्या, ही करंजी असं म्हणा, आणि जरा वेळ त्याच्याजवळ बसा.